चिंचोळी सामुद्रधुनी, सामायिक जबाबदारी
मलाक्का आणि सिंगापूरच्या सामुद्रधुनीतील जहाजांच्या सुरक्षेसाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा आढावा

१५ ऑक्टोबर १९९७ची रात्र. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत 'इव्होइकोस' आणि 'ओरापिन ग्लोबल' या दोन तेलवाहू जहाजांची टक्कर झाली. 'ओरापिन ग्लोबल' रिकामे होते. 'इव्होइकोस'च्या टाक्या मात्र जड इंधन तेलाने भरलेल्या होत्या. त्या फुटल्या आणि सुमारे २८ हजार ५०० टन तेल समुद्रात सांडले. सिंगापूरच्या परिसरातील ही आजवरची सर्वांत मोठी तेलगळती. विशेष म्हणजे, किनाऱ्यावरील वाहतूक नियंत्रण केंद्राचे रडार या दोन्ही जहाजांवर होते आणि केंद्राने त्यांना धोक्याचा इशाराही दिला होता. तरीही टक्कर टळली नाही.

या अपघाताने एक जुना प्रश्न नव्याने उभा केला. जगातील सर्वाधिक गजबजलेल्या सागरी वाटांपैकी ही एक वाट तीन देशांच्या दारातून जाते. परंतु तिचा वापर साऱ्या जगातील जहाजे करतात. अशा वाटेवर नियम कोणी करायचे, ते कोणी पाळून घ्यायचे आणि दिव्यांचा, बोयांचा, सर्वेक्षणाचा खर्च कोणी उचलायचा? मलाक्का आणि सिंगापूर सामुद्रधुनीचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास होय.

नकाशावरील निमुळती वाट

इंडोनेशियाचे सुमात्रा बेट आणि मलेशियाचा द्वीपकल्प यांच्यामधून मलाक्काची सामुद्रधुनी वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे ८०० किलोमीटर पसरली आहे. अंदमान समुद्राच्या बाजूला ती प्रशस्त आहे. दक्षिणेकडे ती नरसाळ्यासारखी निमुळती होत जाते आणि पुढे सिंगापूरच्या सामुद्रधुनीला मिळते. तेथील फिलिप खाडीमार्गाजवळ जहाजांसाठीची वाट जेमतेम पावणेतीन किलोमीटर रुंद उरते.

अडचण केवळ रुंदीची नाही, खोलीचीही आहे. मलेशियाच्या क्लांग बंदरानजीक 'वन फॅदम बँक' नावाचा उथळ पट्टा आहे. भरतीओहोटीच्या प्रवाहांमुळे सामुद्रधुनीच्या तळाशी वाळूचे उंचवटे तयार होतात आणि ते सरकतही राहतात. नकाशात आज दाखवलेली खोली काही वर्षांनी तितकीच असेल, याची खात्री देता येत नाही. त्यात पावसाच्या जोरदार सरी, सुमात्रातील वणव्यांचा धूर आणि मासेमारी नौकांची दाटी. मोठी जहाजे सामुद्रधुनीच्या लांबीच्या दिशेने जात असतात, तर सुमात्रा आणि मलेशिया-सिंगापूर यांच्यात ये-जा करणाऱ्या फेरी बोटी आणि पडाव ही वाट आडवी छेदत असतात.

एवढे सारे असूनही जहाजे हीच वाट धरतात, कारण आखाती देश आणि भारताकडून चीन, जपान, कोरियाकडे जाणारा हा सर्वांत जवळचा मार्ग आहे. सुंदा आणि लोंबोक या इंडोनेशियातील सामुद्रधुन्या पर्याय म्हणून उपलब्ध आहेत. मात्र तेथून जायचे तर प्रवास लांबतो आणि इंधनाचा खर्च वाढतो. २००० साली मलाक्काच्या सामुद्रधुनीतून सुमारे ५६ हजार जहाजांनी प्रवास केल्याची नोंद होती. २०२४ साली हा आकडा ९४ हजारांच्या पुढे गेला. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती विभागाच्या अंदाजानुसार, २०२३च्या सुमारास या वाटेने दररोज दोन कोटी ३० लाख पिंपांहून अधिक तेलाची वाहतूक होत होती.

या वाटेचे महत्त्व आजचे नाही. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो दी आल्बुकर्क याने १५१० साली गोवा जिंकले आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. पूर्वेकडील व्यापाराच्या नाड्या हाती ठेवायच्या तर ही दोन्ही ठाणी आपल्याकडे हवीत, हे त्याने ओळखले होते.

मालकी कोणाची, हक्क कोणाचा?

किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचाच समुद्र देशाच्या हद्दीत, असा संकेत जोवर होता, तोवर सामुद्रधुनीच्या बऱ्याच भागात मधला पट्टा खुल्या समुद्राचा मानला जात असे. इंडोनेशियाने १९५७ साली आणि मलेशियाने १९६९ साली आपली हद्द बारा मैलांपर्यंत वाढवली. त्यामुळे सामुद्रधुनीचा अरुंद भाग या देशांच्या प्रादेशिक समुद्रात गेला. १६ नोव्हेंबर १९७१ रोजी इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर यांनी संयुक्त निवेदन काढले. सामुद्रधुनीतील नौकानयनाची सुरक्षितता ही किनारावर्ती देशांची जबाबदारी आहे, असे त्यात तिघांनीही म्हटले. ही सामुद्रधुनी आंतरराष्ट्रीय नाही, अशी भूमिका इंडोनेशिया आणि मलेशियाने घेतली. ज्याचे सारे अर्थकारणच जहाजांच्या ये-जा करण्यावर उभे आहे, त्या सिंगापूरने या भूमिकेची केवळ नोंद घेतली. तीन शेजाऱ्यांच्या दृष्टिकोनातील हा फरक तेव्हापासूनचा आहे.

१९८२ साली झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक कराराने यातून मध्यममार्ग काढला. हा करार १९९४ साली अमलात आला. आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या सामुद्रधुनीवर किनारावर्ती देशांचे सार्वभौमत्व कायम राहील; परंतु सर्व देशांच्या जहाजांना तेथून अखंड आणि विनाअडथळा पार जाण्याचा हक्क असेल, असे त्यात ठरले. मार्ग आखायचे असतील, तर किनारावर्ती देशांनी प्रस्ताव तयार करून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे (आयएमओ) मांडावेत आणि संघटनेच्या संमतीनंतरच ते लागू करावेत, अशीही तरतूद आहे.

याच कराराचे ४३वे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. सामुद्रधुनीचा वापर करणारे देश आणि किनारावर्ती देश यांनी नौकानयनाची साधने उभारण्यासाठी व प्रदूषण रोखण्यासाठी परस्परांशी सहकार्य करावे, असे हे कलम सांगते. सहकार्य करावे असे ते म्हणते. मात्र पैसे द्यावेत असे स्पष्टपणे कोठेही म्हणत नाही. सुवेझ किंवा पनामा हे मनुष्यनिर्मित कालवे असल्याने तेथे शुल्क आकारता येते. नैसर्गिक सामुद्रधुनीतून नुसते पार जाण्याबद्दल कर घेण्याची प्रथा मात्र जगाने पूर्वीच मोडीत काढली आहे. डेन्मार्क आपल्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडून चार शतकांहून अधिक काळ पथकर घेत असे. तो १८५७ साली आंतरराष्ट्रीय करारान्वये बंद झाला.

वाहतुकीचे नियम

जहाजांसाठी 'जाण्याची' आणि 'येण्याची' अशा स्वतंत्र मार्गिका आखण्याची कल्पना प्रथम १९६७ साली इंग्लंड व फ्रान्समधील डोव्हरच्या सामुद्रधुनीत प्रत्यक्षात आली. मलाक्का आणि सिंगापूरमध्ये ती यायला एक अपघात कारणीभूत ठरला. ६ जानेवारी १९७५ रोजी 'शोवा मारू' हे जपानी महाकाय तेलवाहू जहाज सिंगापूरच्या सामुद्रधुनीत खडकाळ उथळ भागात रुतले आणि हजारो टन कच्चे तेल सांडून तिन्ही देशांच्या पाण्यात पसरले. राजकीय मतभेद काहीही असोत, तेलाचा तवंग सीमारेषा पाळत नाही, हे त्यामुळे उघड झाले.

त्याच वर्षी तिन्ही देशांच्या तांत्रिक तज्ज्ञांचा गट स्थापन झाला. फेब्रुवारी १९७७मध्ये तिन्ही देशांत सुरक्षिततेविषयी करार झाला आणि नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने मार्गविभाजन योजनेला मान्यता दिली. १ मे १९८१पासून ती अमलात आली. तिच्यातील एक नियम साधा, पण मोलाचा आहे. जहाजाचा तळ आणि समुद्राचा तळ यांच्यात प्रत्येक वेळी किमान साडेतीन मीटर पाणी असले पाहिजे. या एका नियमामुळे किती खोल बुडणारे जहाज या वाटेने जाऊ शकते, याची मर्यादा ठरली. जहाजबांधणीच्या व्यवसायात आज 'मलाक्कामॅक्स' हा शब्द रूढ आहे तो यामुळेच. ज्या जहाजांचा पाण्याखालील भाग १५ मीटर किंवा त्याहून अधिक खोल असतो, त्यांच्यासाठी खोल पाण्याचा स्वतंत्र मार्ग आहे आणि महाकाय तेलवाहू जहाजांना अवघड टप्प्यांत वेगाची मर्यादा आहे.

'इव्होइकोस'च्या अपघातानंतर वर्षभराने, १ डिसेंबर १९९८पासून, मार्गविभाजन योजनेचा विस्तार झाला आणि सक्तीची माहिती योजना सुरू झाली. तीनशे टन किंवा त्याहून अधिक स्थूल टनभाराच्या, ५० मीटर किंवा त्याहून अधिक लांबीच्या, तसेच धोकादायक माल नेणाऱ्या जहाजांनी सामुद्रधुनीत शिरताना आपले नाव, स्थान आणि मालाची माहिती बिनतारी यंत्रणेवरून कळवावी लागते. त्यासाठी सारी वाट नऊ विभागांत वाटली असून क्लांग, जोहोर आणि सिंगापूर येथील केंद्रे तिच्यावर लक्ष ठेवतात. २०११पासून रात्रीच्या वेळी मार्गिका आडव्या छेदणाऱ्या जहाजांनी एकाखाली एक असे तीन हिरवे दिवे लावावेत, अशी शिफारसही लागू झाली.

तरीही या केंद्रांचे काम विमानतळावरील नियंत्रण कक्षासारखे नाही, हे लक्षात घ्यायला हवे. केंद्र माहिती देते, सावध करते, सल्ला देते. सुकाणू मात्र कप्तानाच्या हाती असते आणि अंतिम जबाबदारीही त्याचीच. वाटाड्या घेणेही या वाटेवर ऐच्छिक आहे.

दिव्याच्या तेलाचा खर्च

सामुद्रधुनीच्या पूर्वेकडील तोंडाशी पेद्रा ब्रांका या खडकावर हॉर्सबर्ग दीपगृह आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे नकाशातज्ज्ञ जेम्स हॉर्सबर्ग यांच्या स्मरणार्थ १८५१ साली ते उभे राहिले. त्याच्या निधीचा प्रारंभ चीनमधील कँटन येथील ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून झाला होता. ज्यांची जहाजे या वाटेने जात, त्यांनीच दिव्यासाठी पैसा काढला होता. पुढे हाच खडक कोणाचा यावरून मलेशिया आणि सिंगापूर यांच्यात वाद झाला आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो सिंगापूरला दिला.

विसाव्या शतकात ही वर्गणी प्रामुख्याने एका देशाने भरली. जपानला लागणारे बहुतेक तेल याच वाटेने जात असल्याने, १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेथील जहाज, तेल आणि विमा उद्योगांनी मिळून 'मलाक्का स्ट्रेट कौन्सिल' स्थापन केले. निप्पॉन फाउंडेशनच्या साहाय्याने या संस्थेने बोये आणि दीपस्तंभ उभारले, खोलीची सर्वेक्षणे केली, बुडालेल्या जहाजांचे सांगाडे हटवले. तेलगळती झाल्यास तातडीने खर्च करता यावा यासाठी १९८१ साली तिन्ही देशांना ४० कोटी येनचा फिरता निधीही दिला. पुढे चीन, कोरिया, भारत यांची वाहतूक वाढत गेली आणि एकट्या जपाननेच खर्च का करायचा, हा प्रश्न जपानमध्येच विचारला जाऊ लागला.

जकार्ता (२००५), क्वालालंपूर (२००६) आणि सिंगापूर (२००७) येथील तीन बैठकांनंतर याला उत्तर मिळाले. सप्टेंबर २००७मध्ये सिंगापूर येथे 'सहकार्य यंत्रणा' जाहीर झाली. सागरी कायद्याच्या ४३व्या कलमाला मिळालेले हे पहिले ठोस रूप मानले जाते. तिचे तीन भाग आहेत. चर्चेसाठी सहकार्य मंच, कामांच्या देखरेखीसाठी प्रकल्प समन्वय समिती आणि दिवे-बोयांच्या दुरुस्तीसाठी नौकानयन साधन निधी. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत नष्ट झालेली साधने पुन्हा बसवणे, धोकादायक रसायनांच्या गळतीला तोंड देण्याची तयारी, भरती-प्रवाह-वाऱ्याची मोजणी, असे प्रकल्प त्यात हाती घेण्यात आले. निप्पॉन फाउंडेशनने पहिल्या पाच वर्षांसाठी साधनांच्या खर्चाच्या एक-तृतीयांशापर्यंत वाटा उचलण्याचे मान्य केले. जपान, चीन, दक्षिण कोरिया, संयुक्त अरब अमिराती यांच्याबरोबर भारतानेही या यंत्रणेला आर्थिक साह्य केले आहे. मात्र ही वर्गणी पूर्णतः ऐच्छिक आहे. दिवे विझले तर नुकसान सर्वांचे, पण ते तेवत ठेवण्याची सक्ती कोणावरच नाही, ही या व्यवस्थेची मर्यादा आहे.

चाचेगिरी आणि मुंबईतील खटला

या सहकार्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. ऑक्टोबर १९९९मध्ये सुमात्रातील क्वाला तांजुंग बंदरातून सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियम घेऊन निघालेले 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज चाच्यांनी पळवले. त्यावरील १७ जणांना एका तराफ्यावर समुद्रात सोडून देण्यात आले. अनेक दिवसांनी थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांची सुटका केली. चाच्यांनी जहाज नव्याने रंगवून त्याचे नाव 'मेगा रामा' केले होते. नोव्हेंबरमध्ये भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' या जहाजाने त्याचा पाठलाग केला आणि नौदलाच्या 'प्रहार'च्या मदतीने ते पकडण्यात आले. पंधरा आरोपींना मुंबईत आणून त्यांच्यावर खटला चालवण्यात आला. २००३ साली सत्र न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांची सुटका झाली.

भारतात चाचेगिरीविरोधी स्वतंत्र कायदाच नसल्याची उणीव या प्रकरणाने दाखवून दिली. तो कायदा संसदेने संमत करण्यास डिसेंबर २०२२ उजाडला. आंतरराष्ट्रीय पातळीवर मात्र हालचाल लवकर झाली. जपानच्या पुढाकाराने नोव्हेंबर २००४मध्ये आशियातील चाचेगिरीविरोधी प्रादेशिक करार ('रिकॅप') तयार झाला, तो सप्टेंबर २००६मध्ये अमलात आला आणि सिंगापूरला त्याचे माहिती केंद्र सुरू झाले. आज २१ देश त्याचे सदस्य असून त्यात युरोपातील देश आणि अमेरिकाही आहेत. भारतीय तटरक्षक दलाचे माजी महासंचालक के. नटराजन यांनी २०२२ ते २०२५ या काळात या केंद्राचे प्रमुखपद सांभाळले. लक्षणीय बाब अशी की, इंडोनेशिया आणि मलेशिया हे सामुद्रधुनीचे दोन मुख्य किनारावर्ती देश या कराराचे सदस्य नाहीत. ते माहितीची देवाणघेवाण करतात, पण सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर सदस्यत्व घेत नाहीत.

२००४ साली अमेरिकेने या सामुद्रधुनीच्या सुरक्षेत सहभागाचा विचार बोलून दाखवताच या दोन्ही देशांनी त्यास कडाडून विरोध केला होता. बाहेरच्यांना दूर ठेवायचे तर काम स्वतःच केले पाहिजे, हे ओळखून जुलै २००४पासून तिन्ही देशांच्या नौदलांनी समन्वित गस्त आणि पुढच्या वर्षी हवाई टेहळणी सुरू केली. थायलंड २००८ साली त्यात सामील झाला. जून २००५मध्ये लंडनच्या विमा बाजारातील समितीने ही सामुद्रधुनी युद्धसदृश जोखमीच्या यादीत टाकली होती; ऑगस्ट २००६मध्ये ती त्या यादीतून वगळण्यात आली. गस्तीचा उपयोग झाल्याची ही व्यावहारिक पावती होती. तथापि, चोऱ्या पूर्ण थांबलेल्या नाहीत. २०२५च्या पहिल्या सहा महिन्यांत या दोन सामुद्रधुन्यांत ८० घटनांची नोंद झाली. आदल्या वर्षी याच काळात त्या २१ होत्या. त्यांतील बहुतेक घटना रात्री जहाजावर चढून यंत्रांचे सुटे भाग पळवण्याच्या स्वरूपाच्या आहेत. पण अरुंद वाटेवर चालत्या जहाजावरील खलाशांचे लक्ष विचलित होणे हाच मोठा धोका असतो.

भारताचे हित

मलाक्काचे पश्चिमेकडील तोंड भारताच्या ग्रेट निकोबार बेटापासून फार दूर नाही. आपला पूर्व आशियाशी होणारा मोठा व्यापार या वाटेने जातो. जगातील व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या भारतीयांची संख्या मोठी असून, मुंबई आणि कोकणातील अनेक घरांतील माणसे या वाटेने वर्षातून अनेकदा जातात. इंडोनेशिया आणि थायलंडच्या नौदलांबरोबर अंदमान समुद्रात भारताची समन्वित गस्त पूर्वीपासून सुरू आहे. हिंदी महासागरातील जहाजांच्या माहितीसाठी डिसेंबर २०१८मध्ये गुरुग्राम येथे केंद्र सुरू झाले. मलाक्कातील गस्तीत सहभागी होण्याची इच्छा भारताने व्यक्त केली असून, सप्टेंबर २०२५मध्ये सिंगापूरबरोबरच्या संयुक्त निवेदनात तिची दखल घेण्यात आली.

नवे धोके

नियम आणि यंत्रे कितीही चांगली असली, तरी ती वापरणारी माणसे चुकू शकतात, याचे उदाहरण २१ ऑगस्ट २०१७ रोजी दिसले. अमेरिकेची 'जॉन मॅकेन' ही अत्याधुनिक विनाशिका सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्व भागात 'अल्निक एमसी' या तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. सुकाणूचे नियंत्रण एका फलकावरून दुसऱ्यावर देताना झालेला गोंधळ आणि प्रशिक्षणाचा अभाव ही कारणे चौकशीत पुढे आली.

याहून अवघड आव्हान आहे ते निर्बंध चुकवून तेल वाहणाऱ्या जुनाट जहाजांचे. वारंवार नाव आणि ध्वज बदलणे, विम्याबाबत अस्पष्टता ठेवणे, आपले स्थान सांगणारे यंत्र बंद करणे, ही त्यांची पद्धत. १९ जुलै २०२४ रोजी पेद्रा ब्रांकाच्या ईशान्येस सुमारे ५५ किलोमीटरवर 'हाफ्निया नाइल' आणि 'सेरेस वन' या तेलवाहू जहाजांची टक्कर होऊन आग लागली. त्यानंतर 'सेरेस वन' घटनास्थळ सोडून निघून गेले; मलेशियाच्या तटरक्षकांना ते शोधून काढावे लागले. उद्या असेच जहाज फिलिप खाडीमार्गात फुटले, तर सफाईचा खर्च कोणाकडून वसूल करायचा? आजवरची सारी व्यवस्था जहाज आपली ओळख खरी सांगेल, या गृहीतकावर उभी आहे. ते गृहीतकच आता डळमळीत झाले आहे.

'शोवा मारू' रुतल्यानंतर नियम आले, 'इव्होइकोस' फुटल्यानंतर ते कडक झाले, 'अलोंड्रा रेनबो' पळवले गेल्यानंतर करार झाला. प्रत्येक वेळी शहाणपण अपघातानंतर आले. ज्या देशांचे तेल, अन्नधान्य आणि माणसे या चिंचोळ्या वाटेने जातात, त्यांत भारतही आहे. पुढच्या अपघाताची वाट न पाहता दिव्याच्या तेलाचा आपापला वाटा उचलणे, हेच त्यांच्या हिताचे आहे.

महत्त्वाचे टप्पे

१९७१ : इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर यांचे संयुक्त निवेदन
१९७५ : 'शोवा मारू' अपघात; तिन्ही देशांच्या तज्ज्ञांचा गट
१९८१ : मार्गविभाजन योजना लागू
१९८२ : संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदाविषयक करार (अंमल १९९४पासून)
१९९८ : जहाजांना सक्तीची माहिती योजना
२००४ : समन्वित गस्त, 'रिकॅप' करार (अंमल २००६पासून)
२००७ : सहकार्य यंत्रणा आणि नौकानयन साधन निधी